२५ तासांचा दिवस कसा घालवावा

आपल्या लोकांना सहलीतला रिकामा दिवस सोसत नाही. ६-७-८ अंगात भिनलेलं: ६ला उठा, ७ला नाश्ता, ८ला बस. त्यामुळे इंग्लंडमधल्या साउदम्प्टनहून न्यूयॉर्कला बोटीने गेलो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मध्ये काय काय दाखवतात?" काही दाखवत नाहीत. ७ रात्री, ३,०००हून जास्त सागरी मैल, आणि नेहमीच्या फेरीत वाटेत एकही बंदर नाही. क्वीन मेरी २ हे जहाज २००४ पासून हेच करत आलंय. ज्याला पाणी बघून कंटाळा येतो त्याने सरळ विमान पकडावं, भांडण नाही.

आमची लेक इंग्लंडात रेडिंगला, मुलगा न्यू जर्सीत, आणि विमानात आठ तास गुडघे दुमडून बसणं आमच्या ह्यांना आता झेपत नाही. हे बेस्टच्या डेपोत टाइमकीपर होते, मी बँकेत कॅश काउंटरला. एकाला मिनिट चुकलेलं खपत नाही, दुसरीला रुपया. अशा जोडप्याला भर समुद्रातला दिवस आरामात घालवता आला, तर तुम्हालाही येईल.

निघण्यापूर्वीचं एकच सांगते. भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा आणि अमेरिकेचा, दोन्ही व्हिसा आधीच हातात हवेत. अमेरिकेचा व्हिसा साउदम्प्टनलाच, जहाजावर चढण्याआधी बघतात. आता दिवसाकडे वळू.

आदल्या रात्रीच दिवस हलका करा

संध्याकाळी खोलीत दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमांचा कागद येतो. व्याख्यान, नाचाचा वर्ग, ब्रिजचा डाव, जलरंग, गायनवृंदाची तालीम, तारांगणाचा खेळ (हो, जहाजावर खरंखुरं तारांगण आहे), असं तासातासाला काहीतरी असतं. ह्यांनी पहिल्या रात्री पेन घेऊन त्या कागदावर अशा खुणा केल्या की डेपोचा ड्युटी चार्ट बरा. मी तो कागद काढून घेतला. नियम असा ठेवा की दिवसात तीन गोष्टी पक्क्या: सकाळची डेकवरची चाल, दुपारचे १२, आणि साडेतीनचा चहा. कागदावरचं त्याखेरीज फार तर एक काहीतरी निवडा, आणि ऐनवेळी तेही रद्द करायची मुभा ठेवा. व्याख्यान चुकलं तर बहुतेकदा ते नंतर खोलीतल्या टीव्हीवर लावतात. तारांगणात जागा मोजक्या असतात, तेवढी आधी चौकशी करून ठेवा.

आता घड्याळ. साउदम्प्टन आणि न्यूयॉर्क यांच्यात ५ तासांचा फरक. जहाज पश्चिमेकडे जाताना ७पैकी ५ रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतात. १५ रेखांश ओलांडले की एक तास, हे शाळेत पाठ केलेलं गणित इथे अंगावर घेऊन झोपायचं. म्हणजे ते दिवस २५ तासांचे. फोनवर विसंबू नका. तो एअरप्लेन मोडवर असला तर जुनीच वेळ दाखवत राहतो, नसला तर जहाजावरचं महागडं रोमिंग पकडतो. फोनची आपोआप वेळ बदलायची सोय बंद करा आणि मनगटी घड्याळ झोपण्यापूर्वी हाताने मागे घ्या. ह्यांना या एका कामाचा इतका आनंद व्हायचा की जेवण झाल्यापासून घड्याळ काढून बसायचे. इन्सुलिन किंवा ठरल्या वेळेची औषधं असतील तर हे सरकते तास घरून निघण्यापूर्वीच डॉक्टरांना दाखवून घ्या.

पहाट मागच्या डेकवर

घड्याळ मागे गेलं की तुम्हाला पहाटे ४-५ला टक्क जाग येणार. कूस बदलत पडू नका. खोलीत किटली असते, चहा करा. किटलीत फक्त पाणी. दूध घालायचं नाही, चहाची पूड टाकायची नाही. सांगते, कारण हे करणारे आपलेच लोक असतात. घरून पाणी तापवायची कॉइल न्यायचा विचारही करू नका, तसली उपकरणं चढतानाच काढून घेतात. दूध अंगठ्याएवढ्या डब्यांतून येतं. आपल्या एका कपाला तीन तरी लागतात, आणि तरी तो चहा उकळल्यासारखा लागत नाही. चालवून घ्यायचा.

कप संपवून मागच्या बाजूच्या डेकवर जा. जहाजाचं तोंड पश्चिमेला, म्हणजे सूर्य उगवणार मागे आणि मावळणार पुढे. ही साधी गोष्ट लक्षात न घेता लोक पहाटे पुढच्या टोकाला वाऱ्यात कुडकुडत उभे असतात. मागे आडोसा असतो, आणि जहाजाने कापलेल्या पाण्याचा पांढरा पट्टा सरळ उजेडाकडे जाताना दिसतो.

वाऱ्याचा हिशोबही समजून घ्या. जहाज २० नॉट्सने चाललं असेल, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर, तर हवा पूर्ण पडलेली असली तरी तुमच्या तोंडावर तेवढा वारा असणारच. त्यात अटलांटिकच्या या पट्ट्यात वारे बहुतेक पश्चिमेकडून, म्हणजे समोरून. दोन्हींची बेरीज होते. जूनमध्येसुद्धा कानटोपी लागते. साडी नेसणार असाल तर पदराला पिन हवीच, आणि ओल्या लाकडी डेकवर कोल्हापुरी चप्पल मुळीच नको; रबरी तळव्याचे बूट घाला.

चालायचं ते सातव्या डेकवर. तिथून जहाजाला पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. तीन फेऱ्या म्हणजे १.१ मैल, पावणेदोन किलोमीटरपेक्षा थोडं जास्तच. बाहेर जायचे दरवाजे जड असतात आणि वारा ते हातातून हिसकावून घेतो. चौकटीत बोटं ठेवू नका. फार वारा असला तर डेक बंदच करतात. चालून झालं की लाकडी आरामखुर्च्या मांडलेल्या असतात, त्यातली एक धरा. ऊन हवं असेल तर पश्चिमेकडे जाताना डावी बाजू, कारण ती दक्षिणेला. उजव्या बाजूला जवळजवळ दिवसभर सावली आणि गारठा. मी सोलापुरी चादर नेली होती. लेक म्हणाली होती, "आई, शोभतं का?" न्यूयॉर्कला पोचेपर्यंत शेजारच्या खुर्चीतल्या इंग्रज बाईंनी ती कुठे मिळते ते दोनदा विचारून घेतलं.

दुपारचे १२

दिवसातली सगळ्यात महत्त्वाची वेळ हीच, आणि बरेच लोक ती बुफेच्या रांगेत घालवतात. १२ वाजता भोंगा होतो. जहाजाच्या भोंग्यांपैकी एक १९३६च्या मूळ क्वीन मेरीवरचा आहे. कानाने ऐकण्याआधी छातीत जाणवेल असा खर्जातला आवाज. मग कप्तान ध्वनिक्षेपकावरून सांगतो: आपण कुठल्या अक्षांश-रेखांशावर आहोत, किती मैल आलो, किती उरले, वारा, हवा, आणि खाली पाणी किती खोल आहे.

यासाठी दोन वस्तू घरून न्या. एक साधी वही आणि उत्तर अटलांटिकचा कागदी नकाशा. जहाजावरच्या टीव्हीवर नकाशा दिसतो, पण स्वतः पेन्सिलने ठिपका मांडण्यात जे आहे ते त्यात नाही. वहीत रोज एक ओळ: तारीख, अक्षांश, रेखांश, पाण्याची खोली, तापमान, पार केलेले मैल. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. २५ तासांच्या दिवसात २० नॉट्सने ५०० सागरी मैल होतात. ह्यांनी रोज जहाजाचा सरासरी वेग काढून ठेवला आणि चौथ्या दिवशी "आज गाडी लेट आहे" असं जाहीर केलं.

खोलीचा रकाना सगळ्यात मजेचा. इंग्लिश चॅनलमध्ये बहुतेक ठिकाणी पाणी १०० मीटरही खोल नसतं. युरोपच्या कडेची उथळ पट्टी संपली की आकडा एकदम ४,००० मीटरच्या घरात जातो. कळसूबाई १,६४६ मीटर. एकावर एक दोन कळसूबाई ठेवल्या तरी वर ७०० मीटर पाणी उरेल, आणि त्यावर तुम्ही काकडीचं सँडविच खात बसलेले. मग महासागराच्या मधोमध बुडालेली डोंगररांग येते आणि आकडा कमी होतो, पुन्हा वाढतो, आणि कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिणेला ग्रँड बँक्सच्या उथळ भागाकडे येताना पुन्हा पडतो. १५ एप्रिल १९१२ला टायटॅनिक बुडालं ते याच टापूच्या दक्षिणेला, सुमारे ३,८०० मीटर पाण्यात. चार दिवस वही लिहिलेली असेल तर तो आकडा ऐकताना काय ते कळतं.

ग्रँड बँक्सच्या आसपास धुकंही ठरलेलं, विशेषतः जून-जुलैत. उत्तरेकडून येणाऱ्या थंड लॅब्राडोर प्रवाहावर गल्फ स्ट्रीम या उष्ण प्रवाहाकडची उबदार दमट हवा येते आणि सगळं पांढरं होतं. मग नियमाप्रमाणे जहाज जास्तीत जास्त दर दोन मिनिटांनी एक लांब भोंगा देत राहतं. त्या दुपारी झोपेची आशा सोडा, वाचनालयात जा. आठव्या डेकवर पुढच्या टोकाला आहे, हजारो पुस्तकं, आणि खिडकीला लागून खुर्च्या. खुर्ची पकडायची तर नाश्ता झाल्या झाल्या. मराठी पुस्तक अर्थातच आपलं आपण न्यायचं.

पोट

शाकाहारी असाल तर पहिल्याच रात्री जेवणाच्या टेबलावर स्पष्ट सांगा: मांस नाही, मासे नाहीत, अंडं चालतं की नाही, आणि जिलेटिन नको. शेवटचं विसरू नका, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात आणि गोड पदार्थांत सर्रास असतं. उद्याचा मेनू आज मागून घेता येतो. आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा मडगावकडचा. मी भाताकडे एकटक बघतेय म्हटल्यावर तोच हळूच म्हणाला, "मावशी, उद्या डाळ सांगून ठेवू?" एका दिवसाची सवड दिली तर भटारखाना बरंच काही करतो. गोवा आणि कोकणातली बरीच मुलं या धंद्यात आहेत, बोलायला लागली की बरं वाटतं. पण घोळक्यात अडवून "पगार किती?" विचारत बसू नका. महिनोन् महिने रोज कामावर असतात ती, आणि तुमच्या गप्पा त्यांच्या विश्रांतीतून जातात.

घरचं न्यायचं तर कंपनीचं बंद पाकीट. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी एवढं पुरतं. बुफेतला गरम भात, लोणी, मीठ, वर मेतकूट. तूप नेऊ नका, भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. न्यूयॉर्कला उतरताना जे उरलं असेल ते जाहीर करा, लपवालपवी नको. हात साबणाने धुवा. दारातल्या जेलवर भागवू नका, बोटीवर पसरणाऱ्या पोटाच्या विकारांना ते पुरत नाही.

आणि बोट लागते त्याबद्दल. जहाजाला पाण्याखाली दोन्ही अंगांना पंख असतात, त्याने डावं-उजवं डोलणं कमी होतं. पुढचं टोक वर-खाली होतं ते राहतंच. म्हणून खोली घेताना मधली आणि खालची. जिन्याजवळ, लिफ्टजवळ कागदी पिशव्या खोचलेल्या दिसायला लागल्या की समजा पुढे हवा खराब आहे. गोळी डॉक्टरांना विचारून आणलेली असावी आणि ती त्रास सुरू होण्याआधी घ्यावी. रिकाम्या पोटी राहू नका, आल्याची वडी चघळा, क्षितिजाकडे बघा. २५ मीटर उंचीवरून ते साधारण १८ किलोमीटरवर असतं आणि जहाजावरच्या सगळ्या गोष्टींत तेवढंच एक हलत नाही.

धुणं

हा सल्ला कुठल्या माहितीपत्रकात सापडणार नाही. दुपारी जेवणाच्या वेळेला कपडे धुवायला जा. या जहाजावर धुण्याच्या खोल्या फुकट आहेत, साबणही तिथलाच, इस्त्रीची सोय तिथेच. सकाळी जाल तर रांग आणि मशीन कोणाचं यावरून वाद. नवरात्रातल्या नळावरही एवढं होत नाही. दीडच्या सुमाराला शांत असतं. मशीन लावून बसायचं. तिथे जे लोक भेटतात ते चहाच्या हॉलमध्ये भेटत नाहीत, म्हणजे भेटतात, पण बोलत नाहीत. एक निवृत्त नर्सबाई मोजे जोडता जोडता सांगत होत्या की नवरा गेल्यापासून दर वर्षी याच जहाजाने जाते, कारण एकटीने जेवायची वेळ येत नाही. मी त्यांना साडीची घडी घालून दाखवली, दोन टोकं दोघींनी धरून. मशीनमध्ये रेशमी साडी टाकू नका, सुती परकर-झब्बे टाका. न्हाणीत ताणायची दोरी असते, तिच्यावर रात्रीत सगळं वाळतं.

साडेतीन ते सहा

क्वीन्स रूममधला चहा म्हणजे पांढरे हातमोजे घातलेले वाढपी, वाद्यवृंद, छोटी सँडविचेस, स्कोन, घट्ट साय आणि जॅम. १५ मिनिटं आधी जा. सँडविचचं तबक आलं की प्रत्येकात काय ते विचारा. काकडीचं आणि माशाचं दिसायला भावंडं. पोटभर खाऊ नका, रात्रीचं जेवण जवळ आहे.

जेवणाच्या दोन वेळा असतात, ६ आणि साडेआठ. आपण साडेआठवाले, हे खरं. पण पश्चिमेकडे जाताना ६ची घ्या. घड्याळ मागे सरकतं, पोट सरकत नाही. जहाजावर ६ वाजतात तेव्हा पोटात ७ नाही तर ८ वाजलेले असतात. ६ नंतर कपड्यांचे नियम लागतात. दोन रात्री तर थाटाचा पोशाख हवा. बायकांना चिंता नाही. पैठणी काढा. तिथल्या काळ्या झग्यांत मोरपंखी पैठणी गेली की वाट आपोआप मोकळी होते. उगाच नवीन गाऊन घ्यायचा खर्च करू नका.

अंधार पडल्यावर

नाटक, नाच, जुगार, सगळं असतं, ज्याला आवडेल त्याने जावं. मी म्हणेन आकाश निरभ्र असेल तर वरच्या उघड्या डेकवर, दिव्यांपासून जमेल तेवढं लांब जा. खोलीच्या बाल्कनीतून जमत नाही, वरचं छत आड येतं आणि बाहेर वाकून बघायचं धाडस कोणी करू नये. जहाजाच्या उजव्या बाजूला, म्हणजे उत्तरेला, सप्तर्षी शोधा. पुलह आणि क्रतू (चौकोनातले, शेपटीपासून लांबचे दोन तारे) यांना जोडणारी रेघ पुढे पाचपट न्या, ध्रुवतारा. आता हात लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. क्षितिजापासून मुठीवर मूठ रचत वर जा. मुंबईहून बघितलं तर दोन मुठींतच ध्रुव येतो, १९ अंशांवर. साउदम्प्टन सोडताना पाच मुठी लागतात. न्यूयॉर्क जवळ येताना चार. जहाज दक्षिणेकडे उतरलं ते तुम्ही स्वतःच्या मुठीने मोजलंत. दुपारच्या वहीत शेजारी मुठीही लिहा. ह्यांच्या आणि माझ्या मुठींत फरक पडायचा, आणि त्यावरून झालेल्या वादात एक रात्र बरी गेली. मुंबईत वर्षातले काही महिने संध्याकाळी सप्तर्षी दिसतच नाहीत. इथे ते रात्रभर मावळत नाहीत.

हे सगळं पश्चिमेकडे जाण्याबद्दल झालं. न्यूयॉर्कहून साउदम्प्टनला येणार असाल तर बाजू उलट्या: ऊन उजवीकडे, ध्रुव डावीकडे, सूर्योदय पुढच्या टोकाला. वारा पाठीमागून असल्याने डेकवर बसणं सुखाचं. पण तास मिळत नाहीत, जातात. दिवस २३ तासांचे होतात, आणि घड्याळ बहुतेकदा दुपारी १२ला पुढे करून १ करतात, म्हणजे तास जातो तो ऐन जेवणाच्या तोंडावर. तेव्हा रात्रीची साडेआठची वेळ घ्या, नाश्ता उशिरा आणि भरपेट करा, आणि धुण्याला जेवणाच्या वेळेऐवजी चहाच्या वेळेला जा.